बासष्ट पांढरे बिल्ले

जहाजाच्या शिडीपाशी एक निळी फळी होती आणि तिच्यावर बासष्ट लाकडी बिल्ले टांगलेले होते. प्रत्येकावर नंबर, एक बाजू पांढरी, दुसरी लाल. जमिनीवर उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. बासष्टच्या बासष्ट पांढरे झाले की शिडी वर ओढली जायची. माझा नंबर एकोणचाळीस होता, मिर्ताचा चाळीस.

'लास्ताविट्सा' हे जहाजच आमचं कॉलेज होतं. सप्टेंबरात आमच्या रिएका बंदरातून निघालो होतो आणि जानेवारीपर्यंत परत जायचं नव्हतं. विद्यापीठ या सहामाहीला 'परदेशातलं शिक्षण' म्हणायचं. परदेश दर पाच-सहा दिवसांनी बदलायचा. बाकी वर्ग, जेवण, परीक्षा आणि भांडणं, सगळं त्याच पंच्याऐंशी मीटर लोखंडात. जेवणघरातच तास व्हायचे. जहाज कलंडायला लागलं की झ्देंका मॅडम एका हाताने टेबल धरायच्या आणि दुसऱ्या हाताने क्षारतेची समीकरणं लिहायच्या. समीकरणं तिरकी व्हायची, पण बरोबर असायची.

मी झादरची, समुद्रकाठी वाढलेली. मिर्ता आतल्या सपाट मैदानातल्या ओसियेकची. तिच्या गावात मक्याच्या कणसापेक्षा उंच काही नाही, असं मी तिला चिडवायची. तिला भयंकर बोट लागायची. जहाज हलायला लागलं की ती नाहीशी व्हायची आणि जिथे कमीत कमी हलतं अशी जागा शोधून तिथे निजायची. कधी धुलाईखोलीत, कधी धुराड्याच्या उबेला, एकदा तर जीवरक्षक जाकिटांच्या पेटाऱ्यामागे. चार-चार तास पत्ता नसायचा. मग हिरवटलेला चेहरा घेऊन केबिनमध्ये उगवायची आणि म्हणायची, "ब्यूरेटबाई, माझ्यासाठी पाव ठेवलायस का?"

ब्यूरेट म्हणजे प्रयोगशाळेतली ती बारीक खुणांची काचेची नळी, जिच्यातून एकेक थेंब मोजून सोडतात. मी तशीच आहे असं तिचं म्हणणं होतं. मी प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत लिहायची. आकडा दिसला नाही तर जागा कोरी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही. पहिल्या वर्षापासूनची सवय.

जहाजावर उशिरा येणाऱ्यांसाठी किनाराबंदी होती. पंधरा मिनिटं उशीर झाला, तर पुढच्या बंदरात तीन तास उतरायचं नाही. तिसऱ्यांदा उशीर झाला की पुढच्या विमानाने घरी, सहामाही रद्द. मिर्ताचे दोन उशीर झाले होते. बारी बंदरात चपलेचा अंगठा तुटला होता आणि पात्रासला कुत्रा भेटला होता.

त्यामुळे आम्ही एकमेकांचे बिल्ले उलटायचो. सगळेच उलटायचे. धक्क्यावरून धावत येणारा मित्र दिसला की शिडीपाशी असलेला कोणीतरी त्याचा बिल्ला पांढरा करून टाकायचा. आमच्या वर्गातल्या विन्कोने एकदा एका हाताने चार उलटले होते आणि वर म्हणाला होता, "हात काय, पियानो वाजवतोय!" फळीची जबाबदारी बार्बा श्पिरोंकडे होती. आमच्याकडे वयस्क दर्यावर्दी माणसाला बार्बा म्हणतात. त्यांना हे माहीत होतं. बंदरात ते मुद्दाम पाठ फिरवून दोरखंड गुंडाळत बसायचे.

कूफीला बंदर नव्हतं.

कूफी हे क्रीटच्या दक्षिणेला, उघड्या समुद्रातलं एक बेट. अर्धा किलोमीटर लांब, मधे खडकाची उंच पाठ, पाठीवर माणसाविना चालणारा एक दिवा. कूफी म्हणजे बहिरी. या बाजूने मारलेली हाक त्या बाजूला पोचत नाही, म्हणून मच्छीमारांनी ठेवलेलं नाव. तिथे ना घर, ना झाड, ना फोनला रेंज. पाणी मात्र आम्हाला हवं तसं होतं, खोल आणि स्वच्छ. सकाळी जहाजाने बेटापासून थोडं दूर नांगर टाकला आणि मोटरबोटीने आम्हाला पाच-सहा जणांच्या गटांत उतरवलं. दुपारी दोनला सगळ्यांनी जहाजावर असायचं होतं.

हवा उबदार आणि चिकट होती. आकाश पातळ दुधासारखं.

"युगो सुटतोय," बार्बा सकाळीच म्हणाले होते. युगो म्हणजे आमचा दक्षिणेचा वारा. "कप्तानाच्या कागदावर संध्याकाळ लिहिलीय. माझा गुडघा म्हणतोय, दुपार."

"बार्बा, मग गुडघ्यालाच कप्तान करा," विन्को म्हणाला.

"हसा. आमचे आजोबा सांगायचे, युगो असला की गावाची सभा भरवायची नाही. या वाऱ्यात माणूस जे ठरवतो ते चुकतं."

एक वाजून वीस मिनिटांनी माझ्या बारा बाटल्या भरून झाल्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता. त्यासाठीची रसायनं मी तिथेच घातली होती, आणि त्यानंतर दोन तासांच्या आत मोजणी झालीच पाहिजे असा झ्देंका मॅडमचा नियम होता. बेटाच्या पलीकडच्या बाजूला पाण्यात एक तापमान नोंदवणारं यंत्र अजून राहिलं होतं. ते माझ्या नावावर होतं.

"नीवेस, तू जा तुझ्या बाटल्या घेऊन," मिर्ता म्हणाली. "यंत्र मी आणते."

"उशीर झाला तर? तिसरा असेल."

"शेवटची बोट आहे ना दोन वाजता. पाच मिनिटं इकडेतिकडे. माझा बिल्ला तेवढा उलट."

"मिर्ता, नीट जा. खडक ओले आहेत."

"अगं, मी मैदानातली असले तरी पाय मलाही दोनच आहेत." ती हसली आणि लाल जाकीट कमरेला बांधून पाठ चढायला लागली. चढताना एकदा वळून तिने दोन बोटांनी उलटण्याची खूण केली.

मी आणि विन्को शेवटच्या आधीच्या बोटीने आलो. बेटाच्या छोट्या धक्क्यावर आता लाटेचं पाणी चढायला लागलं होतं. बोट धरून ठेवताना याकोव खलाशी शिव्या घालत होता. जहाजावर चढले तेव्हा दोनला चार मिनिटं कमी होती. बार्बा फळीकडे पाठ करून उभे होते. मी एकोणचाळीस पांढरा केला आणि त्याच हाताने चाळीसही.

"दोन सूर वाजले," विन्को पुटपुटला. "मी काही ऐकलं नाही."

मी खाली प्रयोगशाळेत गेले.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. याकोव शेवटच्या फेरीला गेला तेव्हा धक्क्यावर पाच जण उभे होते. लाट इतकी येत होती की बोट दोन मिनिटंही टेकवता येत नव्हती. त्याने पाच जणांना ओढून घेतलं, तीनदा भोंगा वाजवला आणि वॉकीटॉकीवर विचारलं, "बार्बा, फळी बघा. हे पाच सोडून कोणी राहतंय का?"

बार्बांनी फळी पाहिली. पाच लाल होते, बाकी पांढरे.

"कोणी नाही. ये परत."

मी खाली थेंब सोडत होते. बाटलीतलं पाणी आधी गर्द निळं असतं, मग फिकट, आणि मग एका थेंबाला अचानक रंगहीन. तो थेंब चुकवायचा नसतो. दोन वाजून वीस मिनिटांनी इंजिन सुरू झाल्याची थरथर टेबलात आली. मिर्ता आली असणार, असं मनात आलं. आली की नाही हे बघायला मी उठले नाही. सातवी बाटली अर्ध्यात होती.

बाराव्या बाटलीचा आकडा लिहून मी केबिनमध्ये गेले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मिर्ताचं अंथरूण सकाळी होतं तसं, उशीवर घडी. ओले बूट नव्हते. लाल जाकीट नव्हतं.

जहाज आता उत्तरेकडे, वारा पाठीशी घेऊन चाललं होतं आणि चांगलंच डोलत होतं. म्हणजे ती कुठेतरी निजली असणार. मी स्वतःला तसं सांगितलं आणि ते खोटं वाटलं नाही. दोन महिने तसंच होत आलं होतं.

विन्कोला गाठलं. तो पाश्टा-फाझोलच्या वाडग्यातला पाश्टा वेचून खात होता आणि घेवड्याचे दाणे बाजूला काढत होता.

"शेवटच्या बोटीत मिर्ता होती ना?"

"मला काय माहीत? मी तुझ्याच बोटीत होतो." त्याने चमचा खाली ठेवला. "का?"

"काही नाही. सापडत नाहीये."

"ती कधी सापडते?"

शेवटच्या बोटीने आलेली बोग्ना, एक पोलिश मुलगी, बादली पोटाशी धरून बसली होती. "माझं डोकं बोटीच्या बाहेर होतं," ती म्हणाली. "आत पाच जण होते की सहा, देवाला ठाऊक. मला विचारू नकोस गं, बोलले की येतं."

याकोवला विचारता आलं असतं. पण याकोवला विचारणं म्हणजे सांगणंच. आणि सांगितल्यावर ती पेटाऱ्यामागे झोपलेली निघाली असती, तर फळीवर खोटेपणा केला म्हणून तिची सहामाही गेली असती आणि माझीही. मी ठरवलं, आधी सगळं जहाज बघायचं. वरपासून खालपर्यंत, क्रमाने, एकही जागा न सोडता.

तीन वाजून पंधरा, धुराड्याची मागची बाजू. कोणी नाही. तीन वीस, जाकिटांचा पेटारा. मागे तिचा जुना टॉफीचा कागद होता, ती नव्हती. तीन तीस, वाचनालय, टेबलांखालीसुद्धा. तीन चाळीसला धुलाईखोलीत चादरींच्या ढिगात कोणीतरी पडलेलं दिसलं आणि मी इतक्या जोरात चादर ओढली की तो ओरडला. सायप्रसचा आंद्रोस होता. त्यालाही बोट लागली होती.

"काय पाहिजे?"

"तू नाही," मी म्हणाले.

खिडक्यांबाहेर समुद्राचा रंग शिशासारखा झाला होता. लाटांची डोकी फुटून पांढऱ्या रेघा वाऱ्याच्या दिशेने लांब पसरत होत्या. कुठेतरी एक दार आपटत होतं, थांबायचं, पुन्हा आपटायचं. मी जिने चढत-उतरत होते आणि प्रत्येक जागेनंतर वहीत वेळ लिहीत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर अगदी स्वच्छ आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी मी उरलेली एकच जागा बघायला गेले, प्रयोगशाळा. मी तिथेच तर होते, त्यामुळे ती शेवटी ठेवली होती. दार उघडलं. माझ्या टेबलाच्या वर, हात उंचावला की लागेल इतक्या जवळ, यंत्रं ठेवायचे सहा खण होते. एक, दोन, चार, पाच, सहा. तिसरा रिकामा होता.

मिर्ता सगळं विसरायची. चपला, वेळ, परीक्षेचा दिवस. यंत्र मात्र कधी नाही. जहाजावर पाऊल पडलं की अंगावरचं पाणी निथळायच्या आधी ती यंत्र जागेवर ठेवायची. तो खण दोन वाजल्यापासून माझ्या डोक्यावर रिकामा होता. तासभर मी त्याच्या खाली बसून थेंब मोजले होते.

मी वर धावले. बार्बा शिडीपाशी सामान बांधत होते.

"बार्बा, मिर्ता बेटावर आहे."

"कोण?"

"चाळीस नंबर. तिचा बिल्ला मी उलटला होता."

त्यांनी हातातलं सामान सोडलं. फळीपाशी गेले, चाळीस नंबर दोन बोटांत धरला, जणू त्याचं वजन बघत होते.

"मी माणसं मोजली नाहीत," ते म्हणाले. "लाकडं मोजली. चाळीस वर्षं दर्यावर आहे मी." मग माझ्याकडे वळले. "उलट तो. ज्या हाताने पांढरा केलास त्याच हाताने."

मी तो लाल केला. सगळ्या पांढऱ्यांत एक.

कप्तान लुक्षा शांत माणूस होते. त्यांनी आधी सुकाणूवरच्या माणसाला जहाज वळवायला सांगितलं, मग किनाऱ्यावरच्या बचाव पथकाला कळवलं, आणि नंतर नोंदवही उघडली.

"तुला कधी कळलं?"

"आत्ता," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, चार पंधरा.

वळताना जहाज इतकं कलंडलं की जेवणघरातल्या ताटांचा चुरा झाला. आता वारा तोंडावर होता. लाट नाकावर घेत जहाज वर चढायचं, क्षणभर थांबायचं आणि खाली आपटायचं. आम्ही एकोणीस मैल लांब आलो होतो. मी हिशोब केला, कारण मला दुसरं काही येत नाही. तीन पाचला सांगितलं असतं तर अंतर साडेसात मैल होतं आणि आम्ही साडेचारच्या आत तिथे असतो, चांगल्या उजेडात, लाट एवढी वाढायच्या आधी. आता सात वाजणार होते. सूर्य सव्वापाचला मावळत होता.

बचाव पथकाचा निरोप आला, या ढगांत हेलिकॉप्टर उडणार नाही, पहाटे बघू.

पोचलो तेव्हा धक्का दिसलाच नाही. तो होता तिथे नुसती पांढरी उकळी होती. जहाजाचा मोठा झोत खडकांवरून फिरत होता. बेटावरचा दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकत होता आणि प्रत्येक वेळी पाठीवर काहीतरी हलल्यासारखं वाटायचं आणि नसायचं. भोंगा वाजवला. बार्बा म्हणाले, "त्या बाजूला असेल तर ऐकू जायचं नाही." तरी वाजवत राहिले. बोट उतरवणं म्हणजे आणखी चार जीव घालवणं, हे कप्तानांनी एकदाच सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही. रात्रभर जहाज बेटाच्या पुढे-मागे फेऱ्या घालत राहिलं. विन्को फळीपाशी जमिनीवर बसला होता. तो एकही विनोद करत नव्हता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

सकाळी सातला वारा पश्चिमेकडे वळला आणि बेटाच्या आडोशाला थोडं पाणी शांत झालं. याकोव, डॉक्टर आणि दोन खलाशी बोटीने गेले. चार जण. मी कठड्याला धरून बघत होते. ते खडकावर चढले, पाठीवर चढले आणि पलीकडे दिसेनासे झाले. एक तास बारा मिनिटं काही नव्हतं.

मग पाठीवर एक माणूस दिसला, त्याच्यामागे दुसरा. ते हळू चालत होते. मी मोजले. चार डोकी. चौघांच्या मधे काहीतरी आडवं होतं आणि त्यावर लाल जाकीट पांघरलेलं होतं. तोंडावरून पांघरलं आहे की छातीपर्यंत, ते त्या अंतरावरून कळत नव्हतं. बोट लागेपर्यंत मला ते कळलं नाही.

तिचे डोळे उघडे होते.

घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पावणेदोनलाच पडली होती ती, पलीकडच्या बाजूला, यंत्र काढून परत चढताना. शिट्टी वाजवून वाजवून ओठ फुटले होते. डाव्या हाताची बोटं पांढरी पडली होती, आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते ते मला आवडलं नाही. यंत्र तिच्या सदऱ्याच्या आत होतं.

शिडीवरून वर घेताना तिने हात थोडा उचलला. "माझा बिल्ला," ती म्हणाली. बार्बांनी तो खिळ्यावरून काढून तिच्याजवळ नेला. तिने स्वतः तो उलटला. तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मग तिने मला पाहिलं. कप्तान माझ्या शेजारीच उभे होते.

"जहाज जाताना मी पाठीच्या कडेवरून पाहिलं," तिचा आवाज खरखरीत होता. "सरपटत तिथवर आले होते. मी घाबरले नाही. म्हटलं, नीवेसने बिल्ला उलटलाय, म्हणजे नीवेसला माहीत आहे. केबिनमध्ये नाही म्हटल्यावर लगेच सांगेल. फार तर तास. पाचपर्यंत मी उजेड बघत होते."

मी तिच्या जाकिटाची कड धरली.

"मग अंधार पडायला लागला, वारा सोसेना म्हणून मी परत पलीकडच्या कपारीत सरकले. तेव्हा कळलं, तू मला जहाजावर शोधत असणार. क्रमाने." ती हसली असावी. ओठ फुटलेले असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. "किती वेळ, ब्यूरेटबाई?"

"एक तास दहा मिनिटं," मी म्हणाले.

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. मिर्ताला आत नेलं. कप्तान माझ्यापाशी थांबले आणि मी सांगायची वाट बघत राहिले.

"मला तीन वाजून पाच मिनिटांनी कळलं होतं," मी म्हणाले. "चार पंधराला नाही."

नोंदवही तिथेच मागवली गेली. त्यांनी चार पंधरावर एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, हा जहाजावरचा नियम आहे आणि प्रयोगशाळेतलाही. वर लिहिलं, तीन पाच. मग वही माझ्याकडे सही करायला दिली.

दुपारी क्रीटच्या बंदरात मिर्ताला रुग्णवाहिकेत घातलं. तासाभराने माझी पेटी धक्क्यावर उतरवली. बार्बा दोरखंड गुंडाळत होते, पण या वेळी फळीकडे तोंड करून. मी एकोणचाळीस लाल केला आणि शिडी उतरले.

खालून वळून पाहिलं. चाळीस पांढराच होता. मिर्ता रुग्णालयात होती आणि फळी अजून तिला जहाजावरच धरून होती. मी बार्बांना हाक मारली आणि बोटाने दाखवलं. त्यांनी दोरखंड खाली ठेवला. मग त्यांनी हात उचलला आणि चाळीस लाल केला.